आठवड्याची पैसेवारी

पावसाळा ओसरू लागला म्हणजे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील गावोगावचे तलाठी, ग्रामसेवक आणि गावातले चार जाणते शेतकरी शिवारात फिरून उभ्या पिकाचा अंदाज घेतात, निवडलेल्या तुकड्यांत पीककापणीचे प्रयोग होतात, आणि त्या गावाचा हंगाम रुपयात किती पैशांचा ठरला हे प्रथम नजरअंदाजाने, मग सुधारित आणि अखेरीस अंतिम अशा पायऱ्यांनी जाहीर केले जाते. हा आकडा पन्नास पैशांच्या आत आला की महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांच्या परीक्षा शुल्कात माफी अशा सवलतींचा विचार सुरू होतो. या पद्धतीत दोष पुष्कळ आहेत. कोणत्या गावाची पैसेवारी एकावन्न का लागली यावर खानदेशात जेवढे मोर्चे निघाले असतील तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर निघाले असतील. तथापि तिच्यामागचे तत्त्व लहान नव्हे. माणसाच्या वाट्याला आलेली आपत्ती मोजता येते, ती मोजण्यासाठी दप्तर आणि पंच नेमता येतात, आणि एकदा मोजली गेली की ती केवळ नशिबाची गोष्ट न राहता हक्काची बाब बनते, एवढे या रूक्ष सरकारी व्यवहाराने मान्य केलेले आहे.

त्याच गावांतून गेल्या चाळीस वर्षांत दुसऱ्या एका धंद्याकडे माणसांचा ओघ वाहतो आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी जळगावजवळ बांभोरीला व इकडे धुळ्याला अशी महाविद्यालये निघाली. १९९६ मध्ये जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले, २००१ मध्ये शिरपूरला आणखी एक निघाले. केळीच्या बागा गहाण ठेवून, कापसाचे पैसे फीला लावून, सराफाकडे बायकोचे दागिने मोडून लोकांनी मुले शिकवली आणि ती मुले पुण्याला हिंजवडीत, बंगळुरात, हैदराबादेत आणि त्यांतली काही सातासमुद्रापलीकडे संगणकाच्या नोकरीला लागली. खुद्द खानदेशात या धंद्याचे मोठे कारखाने नाहीत. येथून जाते ते माणूस, आणि येथे येतो तो महिन्याच्या अखेरीचा पगार.

या माणसाचा आठवडा कसा असतो, हे त्याच्या गावी फारसे कोणाला ठाऊक नसते. सोमवारी सकाळच्या स्टँडअप बैठकीत ज्या कामाला तीन दिवस पुरतील असे त्याने सांगितलेले असते ते मंगळवारी दुपारीच संपते आणि तो क्षणभर स्वतःला प्रतिभावंत समजू लागतो. बुधवारी त्याच कामात अशी एक खोच निघते की सारा दिवस एका ओळीवर जातो. गुरुवारी ग्राहकाकडून कौतुकाचे पत्र येते, त्याची प्रत वरिष्ठांच्या वरिष्ठांना जाते. आणि शुक्रवारी सायंकाळी, जळगावच्या ट्रॅव्हल्सचे तिकीट खिशात असताना, प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहकाच्या चालू यंत्रणेत, इश्यू आल्याचा फोन येतो, गुरुवारच्या कौतुकातील सर्व नावे आता एस्कलेशनच्या पत्रात दिसू लागतात, गाडी त्याच्याविना सुटते आणि घरच्या लग्नातली हळद तो कॅमेरा बंद ठेवलेल्या एका कॉलवरून, दुसऱ्या मोबाइलच्या पडद्यावर पाहतो. पुढच्या आठवड्यात हाच क्रम राहील असेही नाही. पुढचा आठवडा संपूर्ण रिकामा, कंटाळवाणा, इतका की आपली या कंपनीला गरज आहे की नाही अशी धास्ती वाटावी, असाही जाऊ शकतो.

या चढउतारांविषयी सामान्यतः दोन प्रकारे बोलले जाते. एक पक्ष म्हणतो, हा तंत्रज्ञानाचा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही. दुसरा पक्ष म्हणतो, एवढा पगार घेता तर एवढे सोसलेच पाहिजे. दोन्ही पक्ष एक प्रश्न सोईस्करपणे टाळतात. अनिश्चितता ही मानवी उद्योगाच्या पाचवीलाच पुजलेली आहे हे कबूल. परंतु तिचा भार कोणी उचलायचा, हे काही निसर्गाने ठरवून दिलेले नाही. ते करारनाम्याने ठरते, रिवाजाने ठरते, आणि पुष्कळदा कोणीच न विचारल्यामुळे ठरते.

खानदेशी शेतकरी आणि त्याचा संगणकातील मुलगा यांची तुलना केली असता एक विलक्षण उलटापालट दिसून येते. शेतकऱ्याचे उत्पन्न बेभरवशाचे, पण त्याचा काळ बराचसा ऋतूंनी बांधलेला. केळीला क्विंटलला उद्या काय भाव फुटेल हे रावेर-सावद्याच्या बागायतदाराला आज सांगता येत नाही. मे-जूनच्या एका वावटळीत सगळी बाग आडवी होऊ शकते. परंतु लागवड केव्हा, खत केव्हा, घड केव्हा कापणीला येईल आणि पोळ्याला बैल जुंपायचे नाहीत, याविषयी त्याला शंका नसते. मुलाचे उत्पन्न बांधलेले, महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होणारे. पण त्याचा काळ मोकाट. म्हणजे एका पिढीने आपल्या मुलांसाठी जो सौदा केला तो असा, की उत्पन्नाची शाश्वती घ्यावी आणि तिच्या बदल्यात काळाची शाश्वती द्यावी. ज्या बापाने १९७२ चा दुष्काळ ऐकला वा भोगला होता त्याला हा सौदा लाभाचा वाटला यात नवल नाही. आजच्या अडचणीचे मूळ सौद्याच्या अटी लिहून न ठेवण्यात आहे: काळ किती द्यायचा, कोणत्या प्रहरी द्यायचा, आणि ठरल्यापेक्षा अधिक गेला तर भरपाई काय, याविषयी करारात एक शब्द नाही.

या धंद्याच्या भारतातील इतिहासाचे एक टोक याच मातीत आहे, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरला उभा राहिला; तेलाबरोबर तेथे '७८७' हा कपडे धुण्याचा साबणही निघू लागला. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट टाकून परतले, आणि आयबीएमने १९७७ मध्ये भारत सोडल्यावर जी पोकळी निर्माण झाली तिच्यात ऐंशीच्या दशकाच्या आरंभी हीच तेलाची कंपनी संगणक घेऊन उतरली. आज त्या कंपनीचे विप्रो हे नाव घेतल्यावर कोणाला अमळनेर आठवत नाही. मात्र अमळनेरात ज्यांनी जुने शेअर न विकता कपाटात ठेवले त्यांच्या भाग्याच्या कथा अजून चवीने सांगितल्या जातात. त्या कथांमध्ये एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तेलाच्या कारखान्यात शेंगदाण्याच्या भावाचा धोका मालक पत्करतो. भाव चढले की मालकाचा नफा घटतो, मजुराची पाळी त्यामुळे लांबत नाही. संगणकसेवेच्या धंद्यात माल म्हणजे माणसाचे तास, आणि तासांच्या व्यापारात अंदाज चुकला तर चुकीची रक्कम पुन्हा तासांतच वसूल होते. ठराविक रकमेचा मक्ता घेतलेल्या प्रकल्पाला सहा महिन्यांऐवजी आठ महिन्यांचे काम निघाले, तर ते वरचे दोन महिने कोणाच्या शनिवार-रविवारांतून कापून घेतले जातात हे सांगण्याची गरज नाही.

आता 'तंत्रज्ञानाचा स्वभाव' या युक्तिवादाकडे वळू. यंत्रे बिघडतात हे खरे. पण ती कशामुळे बिघडतात? गूगलच्या विश्वसनीयता-अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपला अनुभव असा नमूद केला आहे की सुमारे ७० टक्के बिघाड हे चालू यंत्रणेत केलेल्या बदलांमुळे होतात. म्हणजे वादळ, वीज, भूकंप यांचा वाटा थोडा. मोठा वाटा कोणीतरी, कोणत्यातरी मुदतीच्या दडपणाखाली, कोणत्यातरी दिवशी केलेल्या बदलाचा. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने आपल्या प्रणालीची एक लहानशी फाइल जगभर पाठवली. ७८ मिनिटांत ती मागेही घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले होते, आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली होती. फाइल मागे घेणे एका आज्ञेचे काम होते. परंतु बंद पडलेला संगणक दुरून आज्ञा ऐकत नसल्यामुळे असंख्य ठिकाणी माणसाने प्रत्येक यंत्राजवळ जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली. ज्यांनी ते केले त्यांचा तो शुक्रवार, शनिवार आणि रविवार कोणत्या दैवी कोपाने गेला? एका कंपनीने चाचणीत केलेल्या कसुरीने गेला. तिच्या हिशेबाच्या वहीत त्या तीन दिवसांची नोंद कोठे झाली, हा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

दूरच्या देशातील घटनेने येथील घर हलावे, ही गोष्ट खानदेशाला नवी नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि खानदेशच्या कापसाला कधी न ऐकलेला भाव आला. ९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातील ॲपोमॅटॉक्स येथे जनरल ली याने शरणागती पत्करली, आणि मुंबईतील कापसाच्या व शेअरांच्या बाजाराबरोबर इकडच्या खेड्यांतील सुबत्ताही ओसरली. त्यानंतर १६० वर्षांनी, २० ऑक्टोबर २०२५ रोजी, पुन्हा व्हर्जिनियाच. ॲमेझॉनच्या तेथील संगणक-केंद्रात पत्त्यांच्या नोंदी अद्ययावत ठेवणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रियांची गाठ अशी पडली की एकीने रेंगाळलेली जुनी नोंद नव्या नोंदीवर लिहिली, दुसरीने ती जुनी म्हणून पुसून टाकली, आणि एका महत्त्वाच्या सेवेच्या पत्त्याचा रकाना कोराच राहिला. आपल्याकडे त्या वेळी दुपारचे सव्वाबारा वाजून गेले होते आणि दिवस नरकचतुर्दशीचा होता. पहाटेचे अभ्यंगस्नान आटोपून फराळाला बसलेली किती माणसे लॅपटॉप उघडून बसली असतील आणि लक्ष्मीपूजनाच्या पहाटेपर्यंत, सर्व सेवा पूर्ववत झाल्याची वार्ता येईतो, बसून राहिली असतील! भेद एवढाच, की १८६५ चा फटका धान्याच्या कणगीत आणि सावकाराच्या वहीत दिसला. २०२५ च्या फटक्याची नोंद कोठेही नाही, कारण पगार तर ठरल्या दिवशी पूर्ण मिळाला.

रावेर तालुक्यातील एका परिचिताच्या, नानांच्या, घरी काही दिवस राहण्याचा योग उन्हाळ्यात आला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर सरकारने घरून काम करण्यावरील दूरसंचार खात्याचे निर्बंध सैल केल्यापासून त्यांचा मुलगा वर्षातले काही महिने गावीच राहतो. माडीवरच्या खोलीत त्याने इन्व्हर्टर, दोन कंपन्यांचे इंटरनेट आणि एक कूलर अशी जय्यत तयारी केलेली आहे. त्या आठवड्यात शेतीपंपाला रात्रीची वीज होती. रात्री दीडच्या सुमारास नाना बॅटरी आणि काठी घेऊन मळ्याकडे निघाले, तो माडीवर दिवा. ते जिना चढून दारात उभे राहिले.

"काय रे भाऊ, झोपला नही अजून?"

"प्रॉडक्शन पडलंय, नाना."

"केव्हापर्यंत?"

"सांगता येत नाही."

नाना थोडे थांबले, म्हणाले, "आमची लाइन सकाळी जाते," आणि खाली उतरले.

बागायतदाराची ही रात्रपाळी सुखाची आहे असे कोणी म्हणणार नाही. अंधारात सापकिरडूची, अलीकडे बिबट्याचीही भीती. दिवसा आठ तास वीज मिळावी म्हणून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली आणि ती रास्त होती. परंतु शेतीच्या विजेचे वेळापत्रक असते. या आठवड्यात दिवसाची पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रीची; ते गावात सर्वांना ठाऊक असते, ते मोडले तर कोणाच्या दारात जायचे हेही ठाऊक असते, आणि मुख्य म्हणजे त्याविरुद्ध आंदोलन करता येते, कारण वेळापत्रक आहे म्हणून अन्याय दाखवता येतो. माडीवरच्या मुलापाशी दाखवण्यासारखे काहीच नव्हते. त्याच्या नेमणूकपत्रात कामाची वेळ सकाळी साडेनऊ ते सायंकाळी साडेसहा अशी होती.

आठवड्याला आकार असावा, त्यात एक दिवस माणसाच्या स्वाधीन असावा, ही कल्पना आपल्याकडे आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून, सभा घेऊन, अर्जविनंत्या करून १० जून १८९० रोजी रविवारच्या सुट्टीचा निर्णय पदरात पाडून घेतला. जळगावच्या खानदेश मिलपासून अमळनेर-धुळ्याच्या प्रताप मिलपर्यंत पुढे ज्या गिरण्या चालल्या, त्यांतील कामगारांचे हाल काही कमी नव्हते. पण भोंगा वाजला म्हणजे पाळी संपली, याविषयी मालक आणि मजूर यांच्यात दुमत नसे. एवढेच कशाला, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली ती २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळातील अठरा रविवारी, दर रविवारी एक अध्याय या क्रमाने. साने गुरुजींनी ती उतरून घेतली म्हणून आज आपल्या हाती आहेत. सक्तमजुरीच्या त्या ठिकाणी राजबंद्यांना पुढच्या रविवारी आपण एकत्र बसू आणि पुढचा अध्याय ऐकू असे धरून चालता येत होते. कारागृह आणि वातानुकूलित कचेरी यांची बरोबरी करण्याचा हा आचरटपणा नव्हे. परंतु सलग अठरा रविवार एकाच वेळी एका ठिकाणी बसून काही शिकण्याची हमी आज किती संगणक-अभियंते स्वतःला देऊ शकतील, हे ज्याचे त्याने पाहावे.

येथे प्रामाणिकपणे दुसरीही बाजू मांडली पाहिजे, कारण या आठवड्यात उतार असतात तसे चढही असतात आणि ते खोटे नसतात. रात्रभर छळणारा दोष पहाटे सापडतो, एक स्वल्पविराम चुकलेला असतो किंवा दोन घड्याळांतील साडेपाच तासांचा फरक कोणी विसरलेला असतो, तो दुरुस्त होताच ठप्प झालेली यंत्रणा हळूहळू श्वास घेऊ लागते, हजारो अनोळखी माणसांचे अडलेले व्यवहार पुढे सरकतात. या आनंदाची जात सुताराच्या, वैद्याच्या, कवीच्या आनंदाचीच आहे, आणि ज्याने तो चाखला नाही त्याने या धंद्याला नुसती गुलामी म्हणू नये. किंबहुना खरा धोका येथेच आहे. संकट हे या माणसाला चटक लावते. रात्री जागून आग विझवणाऱ्याचे नाव सोमवारी सभेत घेतले जाते, त्याला प्रशस्तिपत्र मिळते, अप्रेझलमध्ये ते उपयोगी पडते. आग लागूच नये म्हणून ज्याने महिनाभर आधी चुपचाप चार चाचण्या लिहून ठेवल्या त्याच्याविषयी बोलायला काही घडलेलेच नसते. जी व्यवस्था विझवणाऱ्याला बक्षीस देते आणि राखणाऱ्याला विसरते, तिच्यात आगी कमी व्हाव्यात अशी कोणाची आर्थिक इच्छा उरत नाही. वीरश्रीचे हे कौतुक वस्तुतः व्यवस्थापनाला फार स्वस्तात पडते.

'पगारात सर्व आले' हा जो दुसरा युक्तिवाद, तो वरवर पाहता भक्कम आहे. परंतु किंमत म्हणजे ठरलेल्या वस्तूच्या ठरलेल्या मापाबद्दलचा मोबदला. माप न ठरवता केवळ किंमत ठरली, तर त्याला विक्री म्हणत नाहीत; खानदेशात त्याला सालदारकी म्हणत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरायचा, उचल घ्यायचा आणि पुढच्या आखाजीपर्यंत मालकाच्या शेतात पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, आणि गरज पडली तर रात्रीही, राबायचा. कामाच्या तासांचा हिशेब नसे, वर्षाचा असे. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही, तिने कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या उचलीत बुडवली. तरी तिच्यात दर आखाजीला दोन्ही पक्षांनी समोरासमोर बसून नव्याने बोलण्याचा रिवाज होता, आणि न पटल्यास सालदार त्याच दिवशी दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसू शकत असे. आजच्या अभियंत्याला नव्वद दिवसांची नोटीस भरावी लागते, रुजू होताना मिळालेली रक्कम वर्षाच्या आत गेल्यास परत करावी लागते, आणि अप्रेझलच्या वाटाघाटीत बोलणारा पक्ष एकच असतो.

कायद्यानेही या बाबतीत त्याला मोकळे सोडले आहे, मोकळे या शब्दाच्या वाईट अर्थाने. जून २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांसाठी जो आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला, त्यात माहिती तंत्रज्ञानासारख्या क्षेत्रांतील अतिकुशल कामगारांना दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या मर्यादेतून वगळण्याची तरतूद होती. अट एवढीच, की तिमाहीतील जादा काम १२५ तासांपेक्षा अधिक नसावे. तिमाहीला १२५ म्हणजे आठवड्याला सुमारे साडेनऊ तास. ही मर्यादाही एका अर्थी उपकारकच ठरली असती, जर ते जादा तास कोणी मोजत असते. डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. खासगी विधेयकांचे जे होते तेच त्याचे झाले. तशा स्वरूपाचा कायदा फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून अमलात आणला आहे. माझ्या मते मात्र फोन न उचलण्याचा हक्क हे अर्धेच उत्तर आहे, कारण रुग्णालयाची किंवा बँकेची यंत्रणा रात्री बंद पडली तर कोणीतरी फोन उचललाच पाहिजे. वाद उचलण्याचा नाही. तो कोणी, कितव्या रात्री आणि कशाच्या बदल्यात उचलायचा, हे आधी ठरलेले असावे.

आणि ते ठरवणे अशक्य नाही. वर उल्लेखिलेल्या त्याच ग्रंथात गूगलच्या मंडळींनी लिहून ठेवले आहे की एका ठिकाणी बसणाऱ्या तुकडीला रात्रंदिवसाची राखण करायची असेल तर किमान आठ माणसे हवीत, बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा अधिक प्रसंग येऊ नयेत, आणि ऑन-कॉल राहिल्याचा मोबदला रजेने किंवा रोखीने मिळावा, पण त्यालाही कमाल मर्यादा असावी, म्हणजे पैशाच्या मोहाने कोणी स्वतःला झिजवणार नाही. जगातील अतिशय नफेखोर कंपन्यांपैकी एकीला जे परवडते ते आपल्याकडच्या सेवा-कंपन्यांना परवडत नाही, याचे कारण सरळ आहे: ग्राहकाशी मक्ता करताना आठ माणसांऐवजी तिघांची किंमत सांगितली तरच मक्ता मिळतो. तेव्हा उरलेल्या पाचांचे काम त्या तिघांच्या आठवड्यांतून निघते. काम स्वस्तात दिले नाही तर ते मनिलाला जाईल अथवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जाईल, ही भीती यावर नेहमी घातली जाते. ती पूर्ण निराधार नाही. परंतु भीतीच्या मोबदल्यात तरी नोकरी शाश्वत राहिली असती तर गोष्ट वेगळी होती. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, ज्या कंपनीत लागणे म्हणजे सरकारी नोकरी लागल्यासारखे अशी जळगाव-धुळ्याच्या घरांत समजूत होती त्या कंपनीने, सुमारे २ टक्के म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. मूळ सौदा उत्पन्नाच्या शाश्वतीसाठी काळाची शाश्वती सोडण्याचा होता. आता पहिली बाजू डळमळू लागली असताना दुसरी बाजू मुकाट्याने देत राहण्याचे कारण काय, हे कोणी सांगत नाही.

सुरुवात कोठून करावी, यावर माझे मत फारसे क्रांतिकारक नाही. केळीच्या हवामानआधारित विम्यात किमान तापमान सलग किती दिवस किती अंशांखाली गेले, वाऱ्याचा वेग ताशी किती झाला, हे मंडळातल्या केंद्रावर मोजले जाते आणि तो आकडा ओलांडला की भरपाईचा प्रश्न निघतो. केंद्र नीट चालत नाही, आकडे चुकतात, कंपन्या टाळाटाळ करतात, हे सारे तंटे मग त्या आकड्याभोवती होतात. संगणक-कामगारापाशी आकडाच नाही. दर शुक्रवारी त्याला टाइमशीट नावाचा एक हजेरीपट भरावा लागतो खरा, पण अनेक ठिकाणी त्यात दिवसाला आठच तास घालता येतात. नववा तास टाकला की पत्रक परत येते, कारण ग्राहकाकडे बिल आठ तासांचेच जाणार असते. रात्री दीडला जागणारा तो मुलगाही शुक्रवारी आठ, आठ, आठ, आठ, आठ असेच भरून मोकळा झाला. कंपनीच्या दप्तरी त्याचा तो आठवडा शंभर पैशांचा लागला. त्या पत्रकात, बिलाशी काडीचाही संबंध न ठेवता, प्रत्यक्ष जागलेल्या तासांचा एक जादा रकाना ठेवण्यास कोणत्याही कंपनीला पहिल्या वर्षी एक रुपयाही खर्च येणार नाही. आणि तरीही तो ठेवण्यास बहुतेक कंपन्या राजी होणार नाहीत, कारण दुसऱ्या वर्षी अप्रेझलच्या टेबलावर त्या रकान्याची बेरीज घेऊन कोणीतरी येऊन बसेल, हे त्यांच्या मनुष्यबळ विभागाला चांगले समजते.